ट्रंकेत काय सापडतं? दोन काळांत घडणाऱ्या युद्धकादंबऱ्यांविषयी



आज इथे उभा एकच जण दिसत असला तरी बोलणार आहोत आम्ही सहा जण. लोणंदमधले आम्ही काही वाचणारे लोक महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी बसतो. कुणी शाळेतून निवृत्त झालेलं, कुणी रेल्वेतून, एकानं आयुष्यभर कांद्याच्या अडतीवर हिशेब लिहिले. चहा होतो, भांडण होतं, पुस्तक बाजूला राहतं. पण गेलं वर्षभर एकाच जातीच्या कादंबऱ्या वाचत होतो, आणि त्यातून जे भांडण झालं ते घराबाहेर आणावंसं वाटलं, म्हणून ही सगळी खटपट.

सुरुवात साधी झाली. आमच्यातल्या एका बाईंची लेक अमेरिकेत असते. तिनं आईला क्रिस्टिन हॅना या लेखिकेची 'विंटर गार्डन' ही कादंबरी पाठवली, २०१० सालची. बाईंनी रडत रडत वाचली आणि आम्हाला वाचायला लावली. मग त्याच लेखिकेची 'द नाइटिंगेल', मग मायकेल ओंडाची, मग अमिताव घोष, असं करत आम्ही वाहवत गेलो. या पुस्तकांचा एक ठरलेला साचा आहे. एक पदर आजचा, एक पदर दुसऱ्या महायुद्धातला. आजच्या पदरात एक मुलगा किंवा मुलगी असते, तिचं आपलं काहीतरी बिघडलेलं असतं, आणि आई किंवा बाप म्हातारा झालेला असतो, आजारी असतो किंवा नुकताच गेलेला असतो. मग माळ्यावर ट्रंक सापडते. ट्रंकेत पत्र, फोटो, भलत्याच नावाचं ओळखपत्र. तिथून मागचा पदर सुरू. एक प्रकरण आजचं, एक तेव्हाचं, वेणीच्या पेडासारखं. आम्ही यांना आपसात 'दुपदरी' म्हणायला लागलो, तोच शब्द आज वापरतो.

आता यात नवल ते काय, असं कुणी म्हणेल. नवल हे, की आमच्यापैकी जवळजवळ प्रत्येकाला वाचताना आपला बाप आठवला. साताऱ्यातली माणसं आहोत आपण. आपल्याकडे लढाई ही घरातली गोष्ट. साताऱ्याजवळच्या मिलिटरी अपशिंग्यात पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ४६ जणांची स्मृती गावानं जपली आहे. दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्य वाढत वाढत २५ लाखांवर गेलं, आणि त्यात मराठा पलटणी एरिट्रियात केरेनला होत्या, इटलीत होत्या, मार्च १९४४ मध्ये मणिपुरातल्या सांगशाकला होत्या. त्यातून परत आलेली माणसं आमच्या लहानपणी पारावर बसलेली असायची. तंबाखू मळायची. आणि त्याबद्दल काही म्हणजे काही बोलायची नाहीत.

तेव्हा प्रश्न असा, की या कादंबऱ्या न बोलणाऱ्या आईबापाचं काय करतात? आणि आपल्याकडे अशी कादंबरी लिहायची झाली तर ती चालेल का?

आधी 'विंटर गार्डन'. वॉशिंग्टन राज्यात सफरचंदांची बाग आहे, दोन बहिणी आहेत, आणि थंड, तुटक वागणारी रशियन आई. बाप मरताना मुलींकडून वचन घेतो की आई लहानपणी जी परीकथा सांगायची ती तिच्याकडून शेवटपर्यंत ऐकून घ्या. ती परीकथा हळूहळू लेनिनग्राडच्या वेढ्याची, आईच्या स्वतःच्या आयुष्याची गोष्ट निघते. ही कल्पना आम्हाला फार आवडली. कारण जी बाई सरळ बोलू शकत नाही ती गोष्टीच्या आडून बोलेल, हे खरं वाटतं. आपल्या बायका ओव्यांच्या आडून सासरचं काय काय सांगून गेल्या, तसंच हे. आई अंधारात सांगते, मुली ऐकतात, आणि ही परीकथा नव्हेच हे जिथे उघड होतं तिथे अंगावर काटा येतो.

पण शेवट? जी मुलगी वेढ्यात मेली असं आई जन्मभर समजत होती ती अलास्कात जिवंत सापडते. आमच्या रेल्वेवाल्या मित्रानं पुस्तक मिटलं आणि म्हणाला, "इतका कनेक्शनचा मेळ आमच्या टाइमटेबलात कधी बसला नाही." (हशा) हसण्याचा भाग सोडा. वेढ्यात लाखो माणसं उपासमारीनं मेली आणि लेखिकेला त्यातली एक तरी परत आणल्याशिवाय राहवलं नाही. म्हणजे आईनं इतकी वर्षं गप्प राहून जे दुःख सांभाळलं ते कादंबरीनं एका झटक्यात फेडून टाकलं. सावकाराचं फेडावं तसं. आम्हाला तो आईचा अपमान वाटला. बाईंना नाही वाटला. त्या म्हणाल्या, "तुम्हाला कुणी परत आलेलं बघवत नाही." हे भांडण मिटलेलं नाही.

'द नाइटिंगेल' २०१५ ची. तिथेही माळ्यावरची ट्रंक आहे, त्यात दुसऱ्याच नावाचं ओळखपत्र आहे. १९९५ सालची ऑरेगॉनमधली एक म्हातारी, तिचा डॉक्टर मुलगा, आणि मागे नाझींच्या ताब्यातला फ्रान्स, दोन बहिणी. यात लेखिकेनं एक गोष्ट फार समजून केली आहे. मुलाला आईचं शौर्य कळतं, पॅरिसच्या कार्यक्रमात लोक उभे राहतात तेही तो बघतो. पण त्याचा खरा बाप कोण हे वाचकाला कळतं, मुलाला कळत नाही. कादंबरी संपते तरी कळत नाही. आईनं तेवढं आपल्यापाशी ठेवलं आहे. याच पुस्तकात रडवण्याच्या शंभर युक्त्या आहेत, त्या आम्ही माफ केल्या ते या एका गोष्टीसाठी.

कारण या साच्याचा मूळ दोष आम्हाला दिसला तो असा. आजचा पदर हा बहुतेक वेळा हमाल असतो. पाठीवर पेटी घेऊन येतो, ओट्यावर ठेवतो आणि बाजूला बिडी ओढत बसतो. त्याला स्वतःचं काही काम नाही. मुलीचा संसार मोडला आहे, मग आईचं गुपित कळतं, मग मुलीचा संसार सावरतो. म्हणजे आईनं लेनिनग्राडला जे भोगलं ते कशासाठी, तर मुलीला नवऱ्याशी नीट बोलता यावं म्हणून! आईबापांचा भूतकाळ हे मुलांचं औषध होऊन जातं. आणि त्याहून मोठी गोष्ट, मुलांना तो मिळायलाच हवा, तो त्यांचा वारसाच आहे, असं ही पुस्तकं गृहीत धरतात. सात-बारावर नाव लागावं तसं.

याला उत्तर देणारी कादंबरी आम्हाला ओंडाचीच्या 'वॉरलाइट'मध्ये सापडली. २०१८ ची. १९४५ मध्ये लंडनमधले आईबाप दोन मुलांना एका विचित्र माणसाच्या हवाली करून जातात. सांगतात की सिंगापूरला चाललो. आई मुलांसमोर ट्रंक भरते, कपड्यांच्या घड्या घालते, कुठला झगा कुठल्या समारंभाला ते सांगते. काही दिवसांनी मुलांना तीच ट्रंक घराच्या तळघरात सापडते, भरलेली, जशीच्या तशी. बघा हं, इथेही ट्रंक आहे. पण तिच्यात गुपित नाही, गुपित ट्रंकेच्या बाहेर आहे. आई सिंगापूरला गेलीच नाही, इतकंच ती ट्रंक सांगते. पुढे मुलगा मोठा होऊन सरकारी गुप्त दप्तरात नोकरी धरतो, तिथल्या फायलींतून आईला शोधतो. ती हेरखात्यात होती. तिनं जे केलं त्याचा सूड घ्यायला युद्ध संपल्यावर कितीतरी वर्षांनी कुणीतरी येतं आणि तिला मारतं. आणि मुलाच्या हाती काय लागतं? तुकडे. मधल्या जागा तो स्वतः भरतो, आणि आपण भरतो आहोत हे वाचकापासून लपवत नाही. इथे आजचा पदर हमाल राहत नाही. इथे तोच गुन्हेगारही आहे थोडासा, कारण आईनं बंद केलेलं दार तो उघडतो आहे.

आमच्यातल्या दोघांना हे पुस्तक कंटाळवाणं वाटलं, हेही सांगायला हवं.

आता आपल्याकडे या.

(थोडं थांबू या, गाडी जाऊ द्या.)

बरं झालं गाडी आत्ताच गेली, कारण पुढचं सगळं याच लाइनीवर घडतं. पुण्याहून निरा, लोणंद, वाठार, कोरेगाव, कराड करत मिरजेला जाणारी ही लाइन तेव्हा मीटरगेज होती, मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेची. मिरजेच्या पुढे बेळगाव. १९२२ पासून मराठा पलटणींचं शिक्षणकेंद्र बेळगावला. म्हणजे आपल्या भागातला पोरगा भरती झाला की तो याच लाइनीनं जायचा, इथल्याच फलाटावरून. आणि ७ जून १९४३ ला कराडच्या पुढे शेणोलीजवळ याच लाइनीवर सरकारी पगाराचा पैसा नेणारी गाडी लुटली गेली. लुटणारे कोण? कुंडलचे जी. डी. बापू लाड, कॅप्टन भाऊ लाड आणि त्यांची तुफान सेना. प्रतिसरकार. लोकांच्या तोंडी पत्री सरकार. क्रांतिसिंह नाना पाटलांचं. तेव्हाचा सातारा जिल्हा म्हणजे आजचा सातारा आणि सांगली मिळून. १९४३ ते ४६ या जिल्ह्याच्या मोठ्या भागात इंग्रजांचं राज्य कागदावरच होतं.

म्हणजे एकाच गावातला एक पोरगा राजाच्या पलटणीत इटलीला, आणि शेजारच्या घरातला उसात लपलेला, त्याच्या मागावर राजाचे पोलीस. एकाच आळीतले. एकाच तालमीतले. कधी कधी सख्खे भाऊ. वडूजला ९ सप्टेंबर १९४२ ला मामलेदार कचेरीवरच्या मोर्चावर गोळीबार झाला, परशुराम घार्गे आणि इतर धारातीर्थी पडले. त्याच खटाव-माण पट्ट्यातली शेकडो पोरं त्या वेळी खाकीत होती.

मग १९४७ आलं. एका बाजूला सांगायला गोष्ट मिळाली, दुसऱ्या बाजूची गोष्ट रातोरात जुनी झाली. ज्यानं १० जुलै १९४४ ला इटलीत तायबरच्या खोऱ्यात एकट्यानं मशिनगनचं ठाणं घेतलं आणि तिथेच प्राण सोडला, त्या यशवंत घाडगे यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावला त्यांचा पुतळा आहे, आणि जुलै २०२३ मध्ये इटलीतल्या मोंटोने गावानं त्यांच्या नावानं सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं. पण ज्यांना क्रॉस मिळाला नाही, जे नुसते गेले आणि आले, त्यांनी मुलाबाळांना काय सांगायचं? "आम्ही लढलो" म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: कुणासाठी? पंधरा ऑगस्टला शाळेत स्वातंत्र्यसैनिक खुर्चीवर बसायचे. पलटणवाले मागे भिंतीला उभे. त्यांचं गप्प बसणं हे दुःखाचंही असेल, पण त्याहून जास्त ते शिष्टाचाराचं होतं. नव्या राज्यात आपली गोष्ट बसत नाही हे ओळखून त्यांनी ती पुढे केली नाही.

हा फरक महत्त्वाचा आहे. हॅनाच्या कादंबरीतली आई गप्प आहे कारण तिला सोसवत नाही. आपला बाप गप्प होता कारण त्याला विचारणारं कुणी नव्हतं, आणि विचारलं असतं तर उत्तर अडचणीचं झालं असतं.

दुसरी गोष्ट ट्रंकेची. आपल्याकडेही ट्रंक होती, पत्र्याची काळी, नाव-नंबर रंगवलेली. पण तिच्यात कागद कुठले? बहुतेकांना लिहिता येत नव्हतं, पत्र पलटणीतला कुणी शिकलेला लिहून द्यायचा आणि गावात मास्तर नाहीतर पोस्टमन वाचून दाखवायचा. म्हणजे नवऱ्यानं बायकोला लिहिलेलं पत्र दोन परक्या माणसांच्या तोंडून जायचं. त्यात "सगळे खुशाल" याच्यापलीकडे काय येणार? आणि वर सेन्सॉर. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या हिंदी शिपायांची पत्रं सेन्सॉरनं उघडून वाचली, इंग्रजीत उतारे करून अहवालाला जोडले. ते अहवाल लंडनमध्ये टिकले; डेव्हिड ओमिसी यांनी १९९९ मध्ये त्यातल्या पत्रांचं पुस्तक काढलं. मूळ पत्रं घराघरांत गेली आणि विरली, चुलीत गेली. शिपायाच्या मनातलं जे उरलं ते त्याच्यावर पाळत ठेवणाऱ्याच्या भाषेत उरलं.

आता भूमिगताचं बघा. १९७२ मध्ये स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा केंद्र सरकारनं स्वातंत्र्यसैनिकांची पेन्शन सुरू केली. पुरावा काय? सहा महिन्यांचा तुरुंगवास. भूमिगत असेल तर फरारी म्हणून जाहीर झाल्याचा, वॉरंट निघाल्याचा, डोक्यावर बक्षीस लागल्याचा कागद. म्हणजे जो पकडला गेला त्याचा पुरावा पक्का. आणि जो इतका हुशार की पोलिसांना त्याचं नावसुद्धा कळलं नाही, तो कधी चळवळीत नव्हताच! पी. साईनाथ यांनी २०२२ च्या आपल्या पुस्तकात अशी माणसं गोळा केली आहेत. त्यात हौसाताई पाटील आहेत, नाना पाटलांच्या कन्या. भवानीनगरच्या पोलीस चौकीसमोर त्यांनी नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईचं सोंग आणलं. पोलीस सोडवायला बाहेर आले आणि मागच्या मागे साथीदारांनी बंदुका पळवल्या. मारणारा सोंगातला, मार मात्र खरा.

तर दोन्ही बाजूंचा बाप सरकारी दप्तरात आहे, सरकारच्या शब्दांत आहे. घरच्या ट्रंकेत तो नाही. ज्या कादंबरीचा अर्धा डोलारा माळ्यावरच्या पत्रांवर उभा आहे ती आपल्याकडे जशीच्या तशी आणली तर खोटी पडणार, हे आमचं पहिलं म्हणणं.

मराठीत या काळावर लिहिलं गेलं नाही असं नाही. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' युद्ध पेटायच्या तोंडावरची, १९३९ ची. आपल्या शेजारच्या माडगूळच्या व्यंकटेश माडगूळकरांनी 'कोवळे दिवस'मध्ये बेचाळीसचं भूमिगतपण लिहिलं. ते स्वतः कोवळ्या वयात त्यात होते. वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांनी १९४३ मध्ये स्टालिनग्राडचा पोवाडा रचला आणि मुंबईच्या कामगारांपुढे गायला. पण ही सगळी ज्यांनी पाहिलं त्यांची, त्याच पिढीची लेखणी. मुलांच्या पिढीनं मागे वळून बापाला विचारलं आहे, असं मराठी कादंबरीत फारसं दिसत नाही. नरेंद्र जाधवांचं 'आमचा बाप आन् आम्ही' आहे. तिथे मुलाच्या आग्रहावरून बापानं स्वतः वहीत लिहिलं, म्हणून तो बाप बोलतो. पण ती आत्मकथा, आणि लढाई वेगळी.

अमिताव घोष यांच्या 'द ग्लास पॅलेस'कडे आम्ही म्हणूनच वळलो. २००० सालची. कादंबरी तीन पिढ्यांची, ब्रह्मदेश, मलाया, बंगाल अशी पसरलेली, आणि खरं सांगायचं तर मधे फार पसरते. पण तिच्यात अर्जुन नावाचा अधिकारी आहे, जो राजाची नोकरी सोडून आझाद हिंद सेनेत जातो. त्याचं ते मनातलं तुटणं घोष यांनी जीव ओतून लिहिलं आहे. आणि मग पुस्तकाच्या शेवटी ते सांगतात की आपले वडील समोरच्या बाजूला होते, ब्रह्मदेशात जनरल स्लिमच्या चौदाव्या सैन्यात, राजाशी इमान राखून लढलेले. कादंबरी बघायला ते राहिले नव्हते. म्हणजे मुलानं साडेपाचशे पानांत बापाच्या विरुद्ध बाजूच्या माणसाला आवाज दिला, आणि शेवटी दोन पानांत बापाचं नाव घेतलं. आम्हाला वाटतं, आजचा पदर असावा तर असा. बापाला जे विचारता आलं नाही ते सबंध पुस्तक विचारतं, आणि बापाच्या तोंडी उत्तर घालत नाही.

आता घरातली गोष्ट.

आमच्यातल्या एकाचे वडील इटलीत होते. १९४६ मध्ये परत आले, शेती केली, गेले. ट्रंकेत इटली स्टारची तेवढी फीत सापडली, तांबडी-पांढरी-हिरवी. स्टार नव्हताच. तो वडिलांनी कधीतरी बेंदराला बैलाच्या गळ्यातल्या माळेत ओवला होता आणि मिरवणुकीत कुठेतरी पडला. या आमच्या मित्रानं दोन वर्षांपूर्वी कादंबरी लिहायला घेतली. दुपदरीच. चाळीस पानं झाली आणि त्यानं आम्हाला वाचून दाखवली. त्यात वडिलांना त्यानं एक इटालियन बाई दिली होती. जखमी शिपाई, द्राक्षांचा मळा, तिनं दिलेलं पत्र, जे मुलाला सत्तर वर्षांनी सापडतं. वाचून झाल्यावर कुणी बोलेना. मग बाईंनी विचारलं, "हे खरं आहे का?" तो म्हणाला, "नाही. पण काहीतरी असल्याशिवाय माणूस इतका गप्प राहील का?"

इथे आमचं दुसरं म्हणणं. साच्यानं त्याला शिकवलं होतं की गप्प बसण्यामागे गुपित असतं, आणि गुपित म्हणजे प्रेम नाहीतर शौर्य. साच्यात तिसरा खण नाही. पण आपल्या भागात तिसरा आणि चौथा खण भरपूर भरलेला आहे. पत्री सरकारनं सावकारांना, दरोडेखोरांना वठणीवर आणलं, गावोगाव न्याय केला. आणि फितूर म्हणून माणसांच्या तळपायांवर काठ्याही चालवल्या. काहींचे जीवही गेले. त्यांत सगळेच फितूर होते का? ज्याच्या बापाला तशा मारानं जन्मभर लंगडत चालावं लागलं, त्या मुलाची कादंबरी कोण लिहिणार? तिथे ट्रंक उघडून गावाच्या टाळ्या मिळणार नाहीत. ज्यानं काठी चालवली त्याच्या मुलाचीही तीच गत. अशा घरांतली गप्पी वेगळी आहे, आणि ती उचकटायचा हक्क कादंबरीकाराला आहे का, यावर आम्ही दोन बैठका घालवल्या. आर्ट स्पीगलमनचं 'माऊस' आम्ही त्यासाठीच वाचलं, चित्रांतून सांगितलेलं. छळछावणीतून वाचलेला बाप मुलाला सगळं सांगतो, पण मेलेल्या आईच्या वह्या आपण जाळल्या हेही सांगून टाकतो. मुलगा त्याला खुनी म्हणतो. आम्हाला मुलाचा राग कळला. बापाचं जाळणंही कळलं. कादंबरी असती तर लेखकानं एखादी वही जळायची वाचवली असती; हे खरं घडलेलं असल्यानं राख ती राखच राहिली.

तर त्या चाळीस पानांचं पुढे असं झालं. मित्राची आई तेव्हा हयात होती, नव्वदीच्या पुढची. तिचं माहेर खटाव तालुक्यातलं, आणि नवरा पलटणीत असताना ती माहेरीच होती. एका संध्याकाळी लाइट गेली. हा चिडचिड करायला लागला तर आई म्हणाली, "अंधारात काय होतंय? बारा बारा भाकरी थापल्यात मी अंधारात."

कुणासाठी? "ती येत होती पोरं. रानातनं."

तिनं सांगितलं ते एवढंच. ब्रह्मदेश जपानच्या हाती गेल्यावर रॉकेल मिळेना झालं होतं, ते एक. आणि दिवा दिसला तर पोलीस पाटलाला कळलं असतं, ते दुसरं. चुलीच्या जाळावर भाकरी थापायच्या, फडक्यात बांधून गोठ्याच्या वळचणीला ठेवायच्या. सकाळी फडकं धुऊन तिथेच असायचं. पोरांची तोंडं तिनं कधी पाहिली नाहीत. आणि दर महिन्याला पोस्टमन नवऱ्याच्या पगारातली मनीऑर्डर घेऊन यायचा, राजाच्या सरकारची; तिच्यावर अंगठा उठवायची. त्याच पैशाची ज्वारी.

मित्रानं विचारलं, "आबांना माहीत होतं?"

"त्यांनी इचारलं न्हाई. म्याबी इटलीचं कधी इचारलं न्हाई."

हा माणूस सत्तरीला आला तोवर बापाची लढाई शोधत होता. आईला त्यानं कधी काही विचारलंच नव्हतं. आम्ही तरी कुणी विचारलं होतं? आमच्या सहा जणांच्या बैठकीत वर्षभर "बाप, बाप" चाललं होतं, आणि ज्या पुस्तकांनी सुरुवात झाली ती दोन्ही आयांची होती, हे बाईंनी दाखवून दिल्यावर आमच्या लक्षात आलं. तिच्या नावाचं वॉरंट नाही, सेन्सॉरनं उघडलेलं पत्र नाही, पदकाची फीत नाही. लंडनच्या दप्तरात नाही, दिल्लीच्या नाही. साईनाथांनी हौसाताईंना शोधलं, कारण त्या नाना पाटलांच्या लेक. या बाईला शोधायला कुणी कुठून येणार?

त्या पावसाळ्यात ती गेली.

मित्रानं इटालियन बाई काढून टाकली. (हशा) हो, द्राक्षांचा मळाही गेला. नवा खर्डा त्यानं गेल्या महिन्यात वाचला. आता दोन पदर आहेत ते आज आणि तेव्हा असे नाहीत. दोन्ही तेव्हाचेच आहेत, एक इटलीतला आणि एक खटावातला, दोन्हींत माणसं एकाच सरकारच्या पैशावर जगताहेत आणि एकमेकांपासून काहीतरी राखून ठेवताहेत. आजचा माणूस, म्हणजे तो स्वतः, फक्त दोनदा येतो. इटलीचा भाग कच्चा आहे. तो त्यानं पुस्तकांतून उचलला आहे आणि तसा वास येतो. बटालियनचं नाव, नदीचं नाव, गोळ्यांचा आवाज, सगळं बरोबर आणि सगळं परकं. खटावचा भाग मात्र हातावरच्या पिठासारखा आहे. त्यात काय करायचं ते त्याला सांगावं लागलं नाही.

भांडण आता शेवटच्या प्रकरणावर आहे. १९४६. बेळगावहून सुटलेला शिपाई लोणंदच्या फलाटावर उतरतो. ती तिला आणायला गेलेल्या दिरासोबत उभी आहे. त्यानं इथे दोघांना बोलू दिलेलं नाही. तो ट्रंक खाली ठेवतो, ती भाकरीचं फडकं सोडते, तो फलाटावरच बसून खातो, गाडी सुटते. संपलं. आमच्यातले तिघे म्हणतात हे बरोबर आहे, ती दोघं कधी बोललीच नाहीत. दोघांना वाटतं ही पळवाट आहे. खऱ्या आयुष्यात ती गप्प राहिली म्हणून कादंबरीतही गप्प राहायचं तर कादंबरी लिहिली कशाला? आणि बाईंना फक्त एवढंच कळून घ्यायचं आहे, की फडकं तेच आहे का दुसरं.

तो म्हणतो, ते अजून ठरवलेलं नाही.